आवाज बदलला की माणूस बदलतो

शिकागोतली ती इमारत विकली गेली, तेव्हा आत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं कंपनीने 'स्थलांतर' केलं. हा कंपनीचा शब्द. ऑफिसातली टेबलं हलवली तर त्याला स्थलांतर म्हणावं. नवऱ्याला शहराच्या एका टोकाला नेऊन टाकलं आणि बायकोला दुसऱ्या, तर त्याला आमच्या अकोल्यात ताटातूट म्हणतात. मी त्याच शब्दाने लिहिणार आहे.

दोन हजार पाच साल असेल. मी तिथे सार्वजनिक आरोग्य शिकत होते आणि डेव्हन ॲव्हेन्यू या देशी दुकानांच्या रस्त्यामागे एका पुण्याच्या मुलीबरोबर राहत होते. ती आयटीत, वर्क व्हिसावर, दाराशी स्वतःची गाडी. मी स्टुडंट व्हिसावर, खिशात बसचा पास. कॉलेजपासून मला एकच कला येत होती, पत्रक लिहिण्याची. फी वाढली, लिही पत्रक. होस्टेलच्या नळाला पाणी नाही, लिही पत्रक. अमेरिकेत आल्यावर ही खाज भागवायला मी एका स्वयंसेवी गटात शिरले. गटाचं काम म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये जाऊन तक्रारी ऐकण्याचं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटा दवाखाना. तिथे म्हणजे म्हातारी माणसं मरेपर्यंत राहतात ती जागा. जेवण थंड येतं का, बेल दाबल्यावर कोणी येतं का, हे विचारायचं आणि मग व्यवस्थापनाशी भांडायचं.

ते दोघं मला त्या विकल्या गेलेल्या इमारतीत भेटले; तेव्हा तिथे असंच एक नर्सिंग होम होतं. मी त्यांना इथे आजोबा आणि आजी म्हणते. समोर कधी म्हटलं नाही; तिथे तसं कोणी कोणाला म्हणत नाही.

आजी तिसऱ्या मजल्यावर होत्या. त्या मजल्याचं दार बाहेरून कुलूपबंद, कारण वरच्या माणसांना आपण कुठे आहोत हे आठवत नसे. दुपारच्या जेवणाची वेळ होती. आजी चाकाच्या खुर्चीत, समोर एक नर्स चमचा धरून, आणि आजींच्या पाठीमागे, त्यांना दिसणार नाही असा, एक बुटका टकला माणूस स्टुलावर बसून भिंतीवरचा मेनू वाचत होता. बीन्सचं सूप. उकडलेलं गाजर. पीचचे काप, साखरेच्या पाकात. एवढंच. पण त्या आवाजात असं काही होतं की माझ्या हातातली वही खाली आली. गाजर या वस्तूबद्दल एवढ्या जबाबदारीने कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आजी ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता तोंड उघडत होत्या. आवाज थांबला की तोंड बंद.

"पुढे जाऊन बसा ना," मी म्हटलं. "त्यांना दिसाल तुम्ही."

"पुढे गेलो तर घाबरते," ते शांतपणे म्हणाले. "म्हणते, हा म्हातारा कोण माझ्या खोलीत? बरोबरच आहे तिचं. ती पस्तिशीच्या माणसाची वाट बघतेय. मागून बोललो की तो आलेला असतो."

आजी नवऱ्याचा चेहरा विसरल्या होत्या. आवाज विसरल्या नव्हत्या. आणि तो आवाज असेल तरच पोटभर जेवत होत्या; एरवी नर्स कसेबसे दोन-चार घास घालायची. ही सगळी गोष्ट एवढ्यावरच उभी आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आजोबा तळमजल्यावरच्या खोलीत राहायचे. जेवण झालं की लॉबीतल्या सोफ्यावर, प्लॅस्टिकच्या कुंडीशेजारी, मला त्यांचं आयुष्य सांगायचे. विस्कॉन्सिनमधल्या एका गावात चीज बनवणाऱ्याच्या घरी जन्म. आवाज फार लवकर फुटला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तू बोललास की आपण चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं, जरा हळू बोल. विशीच्या आत शिकागोच्या रेडिओ स्टेशनवर नोकरी लागली, डुकरांचे बाजारभाव वाचायची. शेतकरी पत्रं पाठवायचे, हा माणूस वाचतो तेव्हा भाव पडला तरी बरं वाटतं. मग मालिका. त्या काळात साबण कंपन्या रोज दुपारी बायकांसाठी मालिका चालवायच्या, आणि त्या बऱ्याचशा शिकागोतून व्हायच्या. सकाळी आजोबा एका स्टेशनवर विधुर डॉक्टर, दुपारी दुसऱ्या स्टेशनवर दारुडा जावई. एका इमारतीतून दुसरीत पळत जायचं, लिफ्टवाल्याने दार धरून ठेवायचं.

"आणि कोणी आला नाही तर?" मी विचारलं.

"नट आला नाही, तर जो उभा असेल त्याच्या हातात पान जायचं. नाही म्हणायची पद्धतच नव्हती. कार्यक्रम थेट चालू असायचा. शांतता पसरली तर लोकांना वाटायचं रेडिओ बिघडला. मी एकदा एकट्याने भाऊ-भाऊ केले, दोघांचं भांडण. धाकटा वरच्या सुरात, थोरला छातीतून, माइकपासून पाऊलभर मागे सरकून. दुसऱ्या दिवशी एका बाईंचं पत्र आलं, थोरल्याला सांगा, धाकट्याशी असं बोलू नये."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर एकदाच पाहिला. पानं कशी धरायची तेही दाखवलं: टाचणी आधीच काढायची, वाचून झालेलं पान मुडपायचं नाही, नुसतं सोडून द्यायचं, ते आवाज न करता गालिच्यावर उतरतं. पूर्वेकडच्या लोकांसाठी एक कार्यक्रम झाला की घड्याळ मागे असलेल्या पश्चिमेसाठी तोच पुन्हा पहिल्यापासून करायचा. मधल्या वेळात बाकीचे नट बारमध्ये जात. हे मात्र संहितेच्या नकला जिथे निघायच्या त्या खोलीत जात. तिथे हँडलचं यंत्र फिरवणारी मुलगी म्हणजे आजी.

हे यंत्र म्हणजे आमचं सायक्लोस्टाइल. कॉलेजातल्या विद्यार्थी संघटनेच्या खोलीत मी तेच फिरवलं होतं, तीच शाई नखांत घेऊन वर्गात बसले होते. मी धावत वर जाऊन आजींना ते सांगितलं. त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "हे कोरडं आहे." फोटोकॉपी होती ती. एवढंच एक वाक्य त्या माझ्याशी बोलल्या.

मग हॉलिवूड. स्टुडिओचा करार झाला, आजोबा-आजी लग्न करून ट्रेनने निघाले. तिथल्या पहिल्याच चाचणीत दिग्दर्शक म्हणाला, "तुझा आवाज सहा फुटी आहे. बाकीचा तू कुठे राहिलास?" नायक होणं तिथेच संपलं. पुढची कितीतरी वर्षं ते प्रेत सापडल्यावर येणारे पोलीस अधिकारी होते. न्यायाधीश होते. हॉटेलचे मॅनेजर होते. नायकाचे असे मित्र होते जे मध्यंतराच्या आधी मरतात. रस्त्यात त्यांना कोणी ओळखत नसे. पण बेकरीत जाऊन पाव मागितला की दुकान वळून बघायचं.

एकदा म्हणाले, "मी तुमच्याकडच्या महाराजाचा दिवाणही केला."

"म्हणजे तोंडाला काळं फासून?"

"तपकिरी. डबीवर नंबर असायचा."

"लाज नाही वाटली?"

"रंगाने खाज यायची. लाजेचं कोणी विचारलं नाही."

"आणि बोललात कसे? आमच्यासारखे?"

"दिग्दर्शक म्हणाला, पूर्वेकडचं बोल. आमच्या घराच्या पूर्वेला एक शेजारी होता, त्याच्यासारखं बोललो. तो ग्रीक होता."

मला हसू आलं आणि रागही आला, आणि मी राग धरून ठेवला. संघटनेत आम्हाला तसंच शिकवलं होतं. मी त्यांच्यात एखादा लढवय्या शोधत होते. त्या काळात तिथे डाव्या विचारांच्या कलावंतांना चौकशीला बोलावत, काम बंद करत, हे मी वाचलेलं होतं. मोठ्या आशेने विचारलं, तुम्ही काय केलंत? ते म्हणाले, "एक कागद आला, मी देशाशी एकनिष्ठ आहे म्हणून. सही केली."

"वाचलात तरी?"

"मोठ्याने वाचून दाखवला. क्लार्कला आवडला."

पुढे टीव्ही आला. रेडिओवरची नाटकं बंद झाली, सगळी, काही वर्षांत. सिनेमातले न्यायाधीश उंच व्हायला लागले. आजोबांनी कुत्र्याच्या खाण्याच्या जाहिराती वाचल्या, कॉफीच्या वाचल्या. मग आजींची बहीण शिकागोत होती म्हणून दोघं परत आले, आणि एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टसाठी त्यांनी आवाज दिला: तिसरा मजला, पडदे आणि चादरी. मूलबाळ नाही. एवढी कारकीर्द. या माणसाने एका देशाच्या स्वयंपाकघरांत वर्षानुवर्षं सोबत केली आणि त्या देशाने त्याला काय दिलं, तर सरकारी मदतीवरची एक खोली आणि बायकोच्या पाठीमागचं एक स्टूल. तेही पुढे काढून घेतलं.

नोटीस हिवाळ्यात लागली. इमारत तळ्याच्या जवळ. घरांचे भाव चढत होते आणि जो तो जुनी इमारत घेऊन तिचे फ्लॅट पाडत होता. नर्सिंग होम चालवणाऱ्या कंपनीने इमारत विकायला काढली. रहिवाशांना 'त्यांच्या गरजेनुसार योग्य ठिकाणी' हलवणार होते. आजींची गरज वेगळी, आजोबांची वेगळी, त्यामुळे ठिकाणं वेगळी. मी ऑफिसात जाऊन विचारलं, दोघांची एकच गरज असली तर? तिथली बाई म्हणाली, तसा रकाना नाही.

नर्सिंग होम बंद करायला राज्याच्या मंडळाची परवानगी लागते आणि त्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. आमच्या हातात तेवढंच होतं. इमारत वाचेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. मी पत्रकात एकच मागणी लिहिली: नवरा-बायकोंना वेगळं करू नका, परवानगी द्यायचीच असेल तर या अटीवर द्या. डेव्हनवरच्या दुकानदारांनी काउंटरवर पत्रकं ठेवू दिली. मिठाईवाल्या काकांनी त्यात लाडू बांधून दिले ती गोष्ट वेगळी, पण वाटली तरी.

मराठी मंडळाकडे गेले. सुनावणीला हॉल भरलेला दिसावा, एवढीच विनंती. मंडळाच्या काकूंनी चहा दिला. "अगं, शनिवारी आमच्या नाटकाच्या तालमी असतात. सगळे तिथेच."

"काकू, तोही नटच आहे. तुमच्यापेक्षा जुना."

"असेल गं. पण ते त्यांचं त्यांचं असतं. आणि तू स्टुडंट व्हिसावर ना? आईवडिलांना माहितीये का हे उद्योग?"

रूममेटनेही तेच ऐकवलं. "यार, डिग्री कर आणि गप जॉब घे. कॉन्फरन्स कॉलवर माझा क्लायंट ओरडतोय आणि तू इकडे गोऱ्या म्हाताऱ्यांसाठी घोषणा लिहितेस."

"तू गाडी देणार का?"

"ड्राइव्ह मी करीन. गाडी देणार नाही."

आजोबांनी बोलायचं हे गटात सगळ्यांनीच ठरवलं. मी पानभर मजकूर लिहिला. तो त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलने कापला. "इथे श्वास घ्यायला जागा नाही. 'अमानुष' काढ. माणसाला ज्याचा राग आलाय ती गोष्ट सांगायची, रागाचं नाव सांगायचं नाही." मला पटलं नाही, पण काढलं. पानात शेवटी उरलं ते एवढंच: माझी पत्नी मला बघून ओळखत नाही. ऐकून ओळखते. मी बोलतो तेव्हा ती जेवते. तुम्ही मला जिथे नेणार आहात तिथून तिला ऐकू येणार नाही.

सुनावणी वाचनालयाच्या हॉलमध्ये झाली. पुढे लांब टेबलामागे राज्याच्या मंडळाची माणसं, बाजूला बोललेलं सगळं टाइप करून घेणारा एक माणूस, समोर माइक. होम बंद करायला विरोध करणाऱ्यांची यादी एक, पाठिंबा देणाऱ्यांची एक. आजोबा सूट घालून आले होते, टाय, चकचकीत बूट. त्यांचं नाव आलं, ते उठले, माइकपासून हातभर अंतरावर थांबले आणि वाचलं. मी शब्दात सांगू शकत नाही, आणि सांगायचा प्रयत्नही करणार नाही. हॉलमधली खुर्ची हलली नाही. मंडळाच्या एका बाईंनी चष्मा काढून ठेवला. पान त्यांच्या हातातून सुटलं आणि आवाज न करता खाली उतरलं. मला वाटलं, झालं. अट लागली.

मग चहाची सुट्टी झाली.

मी बाहेर आमच्या लोकांना गोळा करत होते. आत कंपनीची जनसंपर्कवाली बाई आजोबांजवळ गेली. काय बोलली ते त्यांनीच मला नंतर जसंच्या तसं सांगितलं, तिच्या आवाजात. "सर, काय सुंदर वाचलंत. आमच्या बाजूने एक रहिवासी बोलणार होते, त्यांना बरं नाही म्हणून आलेच नाहीत. आता आमचं पान वाचायला कोणी नाही. तुम्ही वाचाल का?"

आजोबांनी विचारलं, "माणूस कसा आहे?"

"कोण?"

"जो बोलणार होता तो. वय, गाव."

"अं, दक्षिणेकडचे आहेत. शांत आहेत."

आणि त्यांनी पान घेतलं.

सुट्टीनंतर पाठिंब्याच्या यादीतून त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला वाटलं, अध्यक्षांची चूक झाली. आजोबा उठले. या वेळी माइकपासून पाऊलभर मागे उभे राहिले. खांदे किंचित उतरले, आणि एक दुसराच माणूस बोलायला लागला. सावकाश, दक्षिणेकडच्या हेलात, थोडा थकलेला, समाधानी. मी या घराचा रहिवासी आहे. कंपनीने आम्हाला नेहमी सन्मानाने वागवलं. बदलाची भीती वाटते, पण आमच्या भल्याचं काय ते त्यांना कळतं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "सर, मघाशी आपणच बोललात ना?"

"हो," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "दोन्ही मीच."

टाइप करणाऱ्या माणसाने तेही टाइप केलं.

गाडीत मी मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी बसले. रूममेट पुढे गाडी चालवत होती. ती मराठीत म्हणाली, "तुझा हिरो डबल रोल करून आला." मी तिला गप्प बस म्हटलं.

"तुम्ही त्यांचं पान का वाचलंत?" मी आजोबांना विचारलं.

"त्यांचा माणूस आला नव्हता."

"नसेना आला. तुम्ही म्हणालात की तुमचा कंपनीवर विश्वास आहे."

"मी नाही. तो म्हणाला. आवाज वेगळा होता, तू ऐकलास ना?"

"ऐकला. पण त्यांच्यासमोर तुम्ही उभे होतात. तोच सूट, तोच टाय."

त्यांनी मान खाली घालून टायकडे बघितलं. म्हणाले, "म्हणजे ते ऐकत नव्हते. बघत होते."

मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्या जनसंपर्कवाल्या बाईला त्या टेबलावर उभं करून विचारावंसं वाटलं, की तुला माहीत होतं ना? तुला कळत होतं ना, की हा माणूस पान हातात आलं की नाही म्हणत नाही? तिला कळत होतं. तिची नोकरीच ती होती.

मंडळाला मी लांब पत्र लिहिलं. रेडिओ म्हणजे काय, एका नटाने दोन माणसं करणं म्हणजे काय, हे सरकारी मंडळाला समजावून सांगितलं. नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. परवानगी मिळाली. अट नाही. निर्णयात लिहिलं होतं की याबाबत खुद्द रहिवाशांची मतं संमिश्र आहेत. आमच्या गटातल्या काही जणांनी सरळ म्हातारबुवांवर खापर फोडलं. मी तेव्हाही भांडले आणि आजही लिहून ठेवते: अट लागणारच नव्हती. ज्यांना दोन माणसांना एका छपराखाली ठेवायचं नव्हतं त्यांना कारण हवं होतं. हे मिळालं नसतं तर दुसरं मिळालं असतं. पण हे मी आजोबांना पटवू शकले नाही. ते एवढंच म्हणायचे, "मला माइक बघून वाटलं, आपण प्रसारणावर आहोत."

हलवण्याच्या दिवशी आजींची व्हॅन आधी आली. आजोबा त्यांच्या खुर्चीमागे चालत लॉबीतून दारापर्यंत गेले आणि चालता चालता नोटीस बोर्डवरचं जे दिसेल ते वाचत राहिले. बिंगो. पायांचे डॉक्टर. आग लागल्यास. व्हॅनमध्ये त्यांना बसू दिलं नाही; विम्यात बसत नाही म्हणाले. आजी आत गेल्या, दार सरकलं, आणि काचेतून त्यांना समोर एक म्हातारा उभा दिसला. त्यांनी तोंड वळवलं.

आजींची नवी जागा पश्चिमेला, दूरच्या उपनगरात, जिथे बस जात नाही. आजोबांची दक्षिणेला. रूममेटने सुरुवातीला गाडीने नेलं. ती नाही नाही म्हणत न्यायची, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आजोबा स्टूल मागून घ्यायचे, मागे बसायचे, आजी जेवायच्या. मग तिच्या कंपनीने तिला दूर दुसऱ्या राज्यात, प्लेनोच्या प्रोजेक्टवर पाठवलं आणि गाडी गेली. गटातले लोक पुढच्या लढ्याला लागले. मी टॅक्सी, ट्रेन, गटातल्या कोणाची तरी मिनतवारी, सगळं करून पाहिलं. पुढचा हिवाळा आला होता; म्हाताऱ्या माणसाला बर्फात असं ओढत नेता येत नाही.

म्हणून फोन. रविवारी दुपारी मी आजोबांकडे जायचे, नंबर लावायचे. पलीकडची नर्स रिसीव्हर आजींच्या कानाशी धरायची आणि दुसऱ्या हाताने भरवायची. आजोबांना फोन आवडत नव्हता. "यात खालचा सूर कापला जातो. मी पातळ होतो." तरी चाललं काही आठवडे. एका रविवारी ते वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी वाचत होते. आजींचा आवाज मलाही ऐकू आला, स्वच्छ, वैतागलेला.

"कोणीतरी तो रेडिओ बंद करा हो."

आजोबांनी वाक्य पूर्ण केलं. संध्याकाळी वाऱ्याचा जोर वाढेल. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी त्यांनी मान हलवली. "त्रास होतो तिला." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी आग्रह केला, ओरडले. त्यांच्या खोलीत टीव्ही सुरू असायचा, आवाज पूर्ण बंद करून.

ज्या फ्लॅटसाठी हे सगळं केलं ते पुढे विकले गेलेच नाहीत. दोन हजार आठमध्ये, बाजार कोसळल्यावर, मी शिकागो सोडायच्या आधी तिथून गेले. नव्या खिडक्या बसवलेल्या, आत कोणी नाही, बाहेर फाटलेला बोर्ड. एकही माणूस तिथे राहत नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता म्हणे. रूममेट फोनवर म्हणाली, बघ, पापाचा घडा भरला. कसला भरला? कंपनी कधीच पैसे घेऊन गेली होती.

पण त्याच्या खूप आधी, रविवारचे फोन थांबले त्या हिवाळ्याच्या शेवटी, एकदा मी आजोबांकडे बसले असताना तिकडूनच फोन आला. पलीकडची नर्स होती. नियमात नसताना केला असावा, आवाज दबका होता. आजींनी खाणं सोडलंय, पाणीही तोंडातून बाहेर काढतात, डॉक्टर नळी घालायचं म्हणतात. ते बोलतील का एकदा, बघू या.

मी आजोबांना सांगितलं. त्यांनी उठून सदऱ्याचं वरचं बटण लावलं. रिसीव्हर घेतला, त्याच्या तोंडावर तळवा झाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"कोणत्या आवाजात बोलू?"

"तुमच्या," मी म्हटलं.

त्यांनी तळवा काढला नाही. मी पुन्हा म्हटलं, "तुमच्या, नेहमीच्या." त्यांनी तळवा काढला आणि बोलायला लागले, हातात पान नसताना; आज काय तारीख, बाहेर काय हवा, मी जेवलो, तू जेव. तो आवाज मला माहीत असलेला होता. निदान मला तसं वाटलं. मध्येच ते थांबले, खाकरले, थोडा तरुण केला, पुन्हा सुरू केलं. मग थोडा खाली आणला. आजींचं नाव घेतलं, एकदा असं, एकदा तसं.

पलीकडून काही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने नर्स म्हणाली, राहू द्या, त्या भिंतीकडे वळून झोपल्यात. मी ते आजोबांना सांगितलं, आणि ते मला हाताने थांब म्हणत बोलत राहिले.